आठ जणांचं टेबल रद्द करा

पत्र असं आहे:

'ताई, नमस्कार. मी ४२ वर्षांचा, घोडबंदर रोडला मानपाड्याजवळ राहतो. नोव्हेंबरात बायको चाळिशीची होतेय. कॉलेजपासून तिला जॅझचं वेड आहे. घरात ती ते हेडफोन लावून ऐकते, कारण मला त्यातलं काही कळत नाही. गेल्या दिवाळीत म्हणाली, एकदा तरी क्लबात बसून, समोर वाजताना ऐकायचंय. ते मी लक्षात ठेवलं आणि आता सरप्राइज ठरवतोय. मित्रांचा व्हॉट्सॲप ग्रुप केलाय, आम्ही धरून आठ जण तयार आहेत. मध्येच केक आणायचा आणि बँडकडून हॅपी बर्थडे वाजवून घ्यायचं, असं डोक्यात आहे. बजेट १५ हजार. अडचणी अशा: ठाण्यातच काही शोधू की मुंबई गाठू? मी दारू घेत नाही, तिथे विचित्र दिसेल का? शेवटची गाडी चुकली तर? आई सत्तरीची, आमच्याजवळच असते. नऊ वर्षांच्या मुलाला तिच्याकडे ठेवायचंय, पण तिला क्लब हा शब्दच खपत नाही. आणि शेवटचं, खरं सांगायचं तर, मला तिथे झोप लागली तर? माझं संगीत म्हणजे भीमसेनजींचे अभंग. आणि पाच वर्षं पथकात ताशा वाजवलाय, तेवढंच. – सूर न सापडलेला, ठाणे'

अहो ताशावाले,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसू आलं. दुसऱ्यांदा एका वाक्यापाशी अडले. 'घरात ती ते हेडफोन लावून ऐकते.' लग्नाला किती वर्षं झाली ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण मुलगा नऊचा म्हणजे दहा तरी धरू. तुम्ही तिला कधी 'बंद कर' म्हणाला असाल असं मला वाटत नाही. कधीतरी एकदा 'हे काय चाललंय' म्हणाला असाल. तेवढं पुरतं. आता इतक्या वर्षांनी बाईला ते उघड्या कानांनी ऐकायला मिळणार, तर तुम्ही तिच्याभोवती सात माणसं बसवताय!

तेव्हा आधी ते आठ जणांचं टेबल रद्द करा. दोघंच जा. तुमचे निम्मे प्रश्न तिथेच मिटतात. उरलेले आपण बघू.

मी हे ठासून सांगते त्यामागे माझी एक फजिती आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी ऑफिसातल्या एकीच्या निरोपाला आम्ही नऊ जणी दक्षिण मुंबईतल्या एका ठिकाणी गेलो होतो. जागा कुणीतरी 'लाइव्ह म्युझिक आहे' एवढंच वाचून ठरवलेली. मला कडकडून भूक लागली होती, मी सिझलर मागवला. थोड्या वेळाने बँडने एक संथ चीज धरली. हळूहळू पियानो थांबला, ड्रम जवळजवळ थांबला, आणि तो उंचच्या उंच डबल बास, ते उभं धरून वाजवायचं खर्जाचं तंतुवाद्य, एकटा बोलायला लागला. डबल बासचा सोलो म्हणजे माणसं खुर्चीत पुढे सरकतात, इतका तो हळू असतो. नेमकं त्याच क्षणी किचनचं दार उघडलं आणि माझा सिझलर आला. चर्रर्र करत, धूर सोडत, अख्ख्या खोलीच्या मधोमध मिरवत. सगळ्या माना वळल्या. बासवाल्याने मान वर करून पाहिलं, एक आवर्तनभर थांबला. ड्रमवाला भलताच मिश्कील, त्याने ब्रश उचलून झांजेवरून असा फिरवला की हुबेहूब तोच 'चर्रर्र'. लोक हसले, टाळ्या पडल्या. आमचं टेबल सगळ्यात मोठ्याने हसलं आणि नंतर हसतच राहिलं, बोलतच राहिलं. पुढच्या टेबलावरचे एक आजोबा एकदाच मागे वळले. काही बोलले नाहीत, नुसतं बघितलं. मी मान खाली घालून सिझलरखालचं करपलेलं कोबीचं पान खात बसले.

तुमचे आठ जण म्हणजे तो सिझलर. माणसं चांगलीच असणार, पण आठ जणांना मिळतं ते लांब टेबल, बहुतेक वेळा मागच्या बाजूला. त्यात निम्म्यांची पाठ वादकांकडे. पाठ फिरवून बसलेला माणूस गप्पाच मारणार, दुसरं काय करणार? आणि यजमान तुम्ही. कोणाला काय हवंय, पनीर टिक्का आला का, अमक्याला परत कोण सोडणार, यात तुमची रात्र जाईल. तुमच्या बायकोची जाईल 'किती छान, थँक यू' म्हणण्यात. बँड हॅपी बर्थडे वाजवेल हो, नाही म्हणत नाहीत बिचारे, वर त्याला झक्कास झोकही देतील. पण त्या पाच मिनिटांत खोलीभर जमलेलं सगळं विस्कटतं, आणि ज्या बाईला जॅझ कळतं तिलाच ते सगळ्यात जास्त लागतं.

ग्रुपवर काय लिहायचं हा प्रश्न पडला असेल. हे लिहा: 'मंडळी, शुक्रवारचा बेत बदलला, आम्ही दोघंच जातोय. रविवारी सकाळी सगळ्यांनी घरी या, मिसळ आणि केक आमच्याकडे.' इतकंच. कारणं देत बसू नका, कारणं दिली की त्यावर चर्चा होते. दोघं-तिघं मनातून सुटल्यासारखे होतील, बघा.

दुसरी सुधारणा सरप्राइजमध्ये. चाळिशीच्या बाईला अर्ध्या तासात 'तयार हो, बाहेर जायचंय' म्हणालात तर तिच्या डोक्यात आधी मुलगा येतो, मग सासूबाईंचं जेवण, मग फ्रीजमधलं भिजवलेलं कडधान्य. तिला दोन-तीन आठवडे आधी सांगा. तारीख राखून ठेव म्हणा, घरचं सगळं मी बघतो म्हणा आणि वादक तू निवड म्हणा. यातलं शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. तिला कॉलेजपासूनची आवड आहे. गाणारी बाई हवी की नुसता ट्रायो (तिघा वादकांचा बँड), सॅक्सोफोन हवा की ट्रंपेट, याबद्दल तिची मतं असणारच. इतकी वर्षं तिला ती कोणी विचारलेली नाहीत.

आता ठाणे की मुंबई. ठाण्यात 'लाइव्ह म्युझिक' अशी पाटी बरीच दिसते. आत बहुधा एक गिटार, एक कहॉन (वर बसून हाताने वाजवायचा खोका) आणि जुनी हिंदी गाणी असतात. मला ती आवडतात, पण तुमच्या बायकोने ते मागितलेलं नाही. एखाद्या शुक्रवारी आपल्याकडे खरोखरच जॅझचा कार्यक्रम लागला तर उत्तम, पायजमा बदलून जाता येईल. नाहीतर मुंबई गाठायची तयारी ठेवा.

मुंबईत कुठे, तर इंटरनेटवरच्या 'दहा सर्वोत्तम जॅझ क्लब' छाप याद्यांवर विसंबू नका. त्यातले निम्मे क्लब देवाघरी गेलेले असतात. लोअर परळच्या मथुरादास मिलमधला ब्लूफ्रॉग २००७ मध्ये सुरू झाला आणि २०१६ मध्ये बंदही झाला, तरी जुन्या याद्यांत अजून विराजमान आहे. मरीन ड्राइव्हवरच्या 'जॅझ बाय द बे'चं तर पिझ्झाचं रेस्टॉरंट होऊनही जमाना झाला. या शहरात जॅझच्या जागा बदलत राहतात, वादक बरेचसे तेच असतात. म्हणून वादकांच्या मागावर राहा. तुमच्या बायकोला आवडणारा एखादा मुंबईकर पियानिस्ट किंवा ड्रमर निवडा, इन्स्टाग्रामवर त्याचं पान धरा, पुढच्या महिन्यात तो कुठे वाजवतोय ते तिथेच कळतं. त्यांच्या भाषेत गिग.

मग त्या जागेला फोन करा. ऑनलाइन बुकिंग असलं तरी फोन कराच. पहिला सेट, म्हणजे वाजवण्याची पहिली फेरी, नक्की किती वाजता सुरू होतो ते विचारा. 'आठ वाजता' म्हणजे दार उघडायची वेळ आहे की पहिला सूर लागायची, हेही विचारा. दोघांचं टेबल वादक दिसतील असं हवं, पण अगदी स्पीकरच्या तोंडाशी नको. आणि एक प्रश्न जरा ठणकावून: बँडनंतर डीजे आहे का? असेल तर किती वाजता? काही ठिकाणी साडेदहाला सॅक्सोफोन पेटीत जातो आणि साडेदहा वाजून एक मिनिटाने छाती हादरायला लागते. तसं असेल तर दुसरी जागा बघा.

पैशाचं त्याच फोनवर विचारून घ्या. कव्हर चार्ज, म्हणजे आत बसायचे पैसे, दोन तऱ्हेचा असतो. समजा माणशी हजाराचं कव्हर आहे आणि ते रिडीमेबल आहे, तर दोघांचे दोन हजार तुमच्या खाण्यापिण्याच्या बिलातून वजा होतात. रिडीमेबल नसेल तर ते तिकिटाचे पैसे समजायचे, जेवणाचं बिल वेगळं. दुसऱ्या प्रकाराला लोक नाकं मुरडतात. मला उलट तो बरा वाटतो, तिथे ऐकायला आलेले लोक जास्त असतात. १५ हजारांत दोघांची रात्र थाटात होऊन पैसे उरतील. उरलेल्यांचं शेवटी सांगते.

तारीख पक्की करण्याआधी आईंच्या खोलीतलं कालनिर्णय बघा. थट्टा नाही. कार्तिकी एकादशी बऱ्याचदा नोव्हेंबरात येते आणि महाराष्ट्रात तो ड्राय डे असतो. बार असलेल्या बऱ्याच जागा त्या दिवशी कार्यक्रमच ठेवत नाहीत. नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रात अलीकडच्या काही वर्षांत नोव्हेंबरच्या आसपास मोठा जॅझ महोत्सव होतो, तोही बघून ठेवा. पण तो प्रेक्षागृहातला. सुंदर असतो, वेळेत संपतो, आणि हातावर हात ठेवून ओळीत बसायचं असतं. तुमची बायको 'क्लबात बसून' म्हणाली होती ना? मग यंदा क्लबच.

आईंचं काय करायचं? खोटं बोलू नका, 'ऑफिसची पार्टी' वगैरे. नऊ वर्षांची मुलं सगळं सांगून टाकतात. त्यापेक्षा आईंना 'शोला जो भडके' आठवतं का विचारा. न आठवायला काय झालं? 'अलबेला', १९५१, आपले भगवानदादा, आणि संगीत पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांचं. त्या गाण्यांतला तो झोक मुंबईच्या जॅझवाल्यांकडून आला. अँटोनिओ झेवियर वाझ नावाचे गोव्याचे ट्रंपेटवाले होते, त्यांना सगळे चिक चॉकलेट म्हणत. ते स्वतःचा जॅझ बँड चालवायचे आणि सी. रामचंद्रांबरोबर कामही करायचे. असे एक-दोघेच नव्हते. १९३५ मध्ये लिऑन ॲबी नावाचा व्हायोलिनवादक आपला कृष्णवर्णीय अमेरिकन बँड घेऊन ताजमहाल हॉटेलात वाजवायला आला. त्या काळापासून मुंबईच्या हॉटेलांत जॅझ रुजलं आणि गोव्याच्या वादकांनी ते उचललं. त्यांना स्टाफ नोटेशन, म्हणजे पाश्चात्त्य स्वरलिपी, वाचता-लिहिता यायचं. रात्री हॉटेलात जॅझ, दिवसा स्टुडिओत हिंदी सिनेमाचा वाद्यवृंद, असं त्यांचं आयुष्य. आईंनी रेडिओवर जन्मभर ऐकलेल्या गाण्यांत त्यातल्या कितीतरी जणांचं वाजवणं आहे, नावं तेवढी सांगितली जात नसत.

तरी आईंचं मन वळलं नाही तर हुकमाचा एक्का टाका. १९७८ मध्ये धोबीतलावच्या रंगभवनात जॅझचा मोठा महोत्सव सुरू झाला. सॉनी रॉलिन्ससारखा सॅक्सोफोनवाला आला होता. त्या महोत्सवाचं नाव होतं 'जॅझ यात्रा'. यात्रेला जातोय म्हणा.

(आणि आईंना नातवासोबत काय बघायचं ते बघू द्या, रात्रीचं जेवण बाहेरून मागवा. नातू सांभाळायचा आणि वर पोळ्याही करायच्या, असा दुहेरी भार टाकलात तर मी तुमच्या बाजूने नाही.)

आता झोप. पाच वर्षं ताशा वाजवलेल्या माणसाने हा प्रश्न विचारावा याचं नवल वाटलं. मिरवणुकीत ढोल ठेका धरून राहतो आणि ताशा त्याच्यावर तडतडत बोलतो, बरोबर? मग तुम्हाला अर्धं जॅझ आधीच येतं. फक्त इथे कानठळ्या बसत नाहीत.

समजा ट्रायो आहे: पियानो, डबल बास, ड्रम. पहिली दहा मिनिटं पियानोकडे बघूच नका, ड्रमवाल्याचा डावा पाय बघा. त्या पायाखाली एक पेडल असतं, ते दाबलं की दोन झांजा एकमेकींवर मिटतात, 'चिक्'. त्याला हाय-हॅट म्हणतात. ती चिक् बहुतेक वेळा दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडते. तुमचा हात वर्षानुवर्षं पहिल्या मात्रेवर वजन टाकायला शिकलाय, इथे सगळी गंमत दुसरी-चौथी उचलण्यात आहे. एक-चिक्-तीन-चिक्. मांडीवर बोटाने धरून बघा, सुरुवातीला हात ऐकणार नाही. मग उजव्या हाताकडे या, तो मोठ्या झांजेवर असेल: टिंग, टिंग-ट-टिंग, टिंग-ट-टिंग. मात्रेचे दोन सारखे तुकडे न करता पहिला लांब आणि दुसरा आखूड ठेवतात, त्यामुळे लय चालताना झुलते. स्विंग म्हणतात ते हेच. पथकात कोणी असं वाजवलं असतं तर वादकप्रमुखांनी बाहेर काढलं असतं.

संथ चीज आली की ड्रमवाला काठ्या खाली ठेवून तारेचे ब्रश घेतो आणि ड्रमच्या पृष्ठभागावर गोल गोल फिरवतो. डोळे मिटून ऐकलंत तर सुपात तांदूळ पाखडल्यासारखा आवाज येतो. माझ्या आजीच्या पडवीतला. मला अजूनही त्या आवाजाला बाकीच्या बँडचा विसर पडतो.

गाण्याचा आराखडा अगदी साधा असतो. सुरुवातीला सगळे मिळून धून वाजवतात, तिला 'हेड' म्हणतात. आपली बंदिश समजा. मग एकेक जण सुटतो आणि मनाला येईल ते वाजवतो, पण मोकाट नाही. धून वाजायची थांबली तरी तिच्याखालची कॉर्डची (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गुच्छांची) माळ तशीच फिरत असते. ब्लूजची चीज असेल तर ती माळ बारा बारांची, प्रत्येक बारमध्ये चार मात्रा, म्हणजे अठ्ठेचाळीस. तीनतालाची तीन आवर्तनं. एकदा मोजून बघा, दुसऱ्यांदा मोजायची गरज पडत नाही, फिरून घरी आल्याचं कानालाच कळतं. कोणी किती आवर्तनं घ्यायची हे आधी ठरलेलं नसतं. सगळं नजरेवर आणि खुणांवर चालतं. एखादा वाजवता वाजवता स्वतःच्या डोक्यावर बोट टेकवेल, म्हणजे 'चला, हेडवर या'. चार बोटं दाखवली तर 'फोर्स': चार बार पियानोचे, चार ड्रमचे, पुन्हा चार पियानोचे. तुमच्या भाषेत सवाल-जवाब. बायकोला हळूच म्हणा, 'आता ड्रमवाल्याला सोडतायत.' तिचा चेहरा बघण्यासारखा होईल. पण एकदाच म्हणा, कॉमेंट्री नको.

सोलो संपला की टाळ्या द्यायच्या, चीज चालू असतानाच. नव्या माणसाला वाटतं, मध्येच कशा वाजवायच्या? अहो, सम गाठली की आपण 'क्या बात है' म्हणतोच की. फर्माइश मात्र करू नका. ब्रेकमध्ये वादक बारपाशी किंवा बाहेर उभे असतात, तेव्हा जाऊन 'छान वाजवलंत' म्हटलेलं त्यांना आवडतं. तुमच्या बायकोला तर तेवढ्यासाठीही जायचं असेल.

घरचा अभ्यास द्यायचाच तर एकच देते: डेव्ह ब्रूबेक क्वार्टेटचं 'टेक फाइव्ह'. पाच मात्रांची चाल आहे, तीन अधिक दोन. हा ब्रूबेक १९५८ मध्ये मुंबईत येऊन वाजवून गेला होता आणि पुढच्याच वर्षी हे रेकॉर्डिंग झालं. ताशावाल्याला पाच मात्रांत पकडायला बरंच काही आहे. मात्र हे एकट्याने ऐकू नका. आज रात्री तिच्याकडे जा आणि म्हणा, हे जरा मला लावून दे.

एवढं करूनही डोळा लागला तर लागू दे. शास्त्रीय मैफलीत पहिल्या रांगेत डुलणारे कितीतरी जाणकार मी पाहिलेत. घोरू नका म्हणजे झालं.

दारूचं म्हणाल तर कोणी ढुंकून बघत नाही. लिंबू-सोडा मागवा. कपडे नेहमीचे नीटस, फक्त चपला आणि हाफ पँट काही ठिकाणी दारातच अडवतात. बायकोला ओढणी किंवा स्टोल घ्यायला सांगा, एसी हुडहुडी भरवणारा असतो. जेवण पहिल्या सेटच्या आधी उरकून घ्या. मग थोडंथोडं, हाताने खाण्याजोगं. सिझलर नको, हे सांगायला नकोच.

येणं-जाणं. १८५३ मध्ये बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्याला आली, तेव्हापासून आपण ठाणेकर शेवटच्या गाडीची काळजी करतोय. तुमच्या बाबतीत ही काळजी फुकट आहे, कारण तुम्ही पीत नाही. घरची गाडी असेल तर तिनेच जा. तिला एखादा ग्लास वाइन घ्यावीशी वाटली तर बिनधास्त घेईल. संध्याकाळी ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर लोंढा ठाण्याकडे येत असतो, तुम्ही उलट्या दिशेला. मुलुंड नाक्यावर ऑक्टोबर २०२४ पासून हलक्या गाड्यांना टोलही नाही. फोर्टकडे जायचं असेल तर चेंबूरहून फ्रीवे धरा. तरी साडेपाचला निघा, कारण पार्किंग शोधायला वेळ जातो. व्हॅले (गाडी लावून देणारा माणूस) असेल तर द्या पैसे, आज कंजूषपणा नको. गाडी नसेल तर जाताना लोकल, येताना टॅक्सी. लोअर परळला जायचं तर ठाण्याहून स्लो गाडी पकडून करी रोडला उतरा. परतीलाही लोकलच धरायची झाली तर शेवटच्या गाड्या मध्यरात्रीच्या आसपास सुटतात. वेळा बदलत असतात, त्या दिवशी मोबाइलवर बघा. मग स्टेशनवरून मानपाड्याची रिक्षा. त्या वेळी मीटर हा शब्द उच्चारायचा नसतो.

एकच गोष्ट लोकलवाल्यांना जमत नाही, म्हणून मी गाडीच्या बाजूची: दुसरा सेट. पहिल्या सेटला वादकांचे हात गरम होत असतात, आणि बडबडी टेबलं बहुतेक पहिल्यानंतर उठून जातात. दुसऱ्याला कधी एखादा पाहुणा वादक खोलीतूनच उठून वर जातो आणि खरी मजा तिथे सुरू होते. घड्याळ बघत पहिल्या सेटला उठाल तर आमरसाला बोलावून नुसती पोळी खाऊन आल्यासारखं होईल. घोडबंदरला रात्री ट्रकांची रांग लागते, पोचायला उशीर होईल, होऊ दे. जाताना गाडीत जॅझ लावू नका, कान ताजे राहू द्या. येताना काय लावायचं ते ती ठरवेल. कदाचित काहीच नको म्हणेल.

आणि उरलेले पैसे. हॉलमध्ये ठेवायला एक बरा स्पीकर घ्या. शनिवारी सकाळी, ती उठायच्या आत, त्यात तिचा फोन जोडून ठेवा. आईंना त्रास होईल म्हणू नका, आईंचं 'शोला जो भडके'ही त्यावरच वाजेल.

तुमची,
ताई

ता. क. केकची ऑर्डर रद्द करू नका, रविवारची करून घ्या. त्यावर सॅक्सोफोन काढून मागू नका. आमच्या नौपाड्यात एकाने काढून घेतला होता, तो हुक्का दिसत होता.